मदत हवी आहे: चिनी नावाचा अर्थ (उद्या पाटी कोरायला द्यायचीय!)

घाईतला_गणू: आमच्या कंपनीत एक चिनी इंजिनीअर आहेत, शनिवारी चेंगडूला कायमचे परत चाललेत. त्यांना पितळी पाटी द्यायची ठरलीय. वर चिनी अक्षरांत नाव, खाली मराठीत अर्थ. नाव वेई ली. नेटवर वेईचे ढीगभर अर्थ दिसतात. कोरणारा उद्या सकाळी मजकूर मागतोय. एका ओळीत सांगा, प्लीज.

जुनी_शाई: अक्षरं कुठायत? रोमन स्पेलिंगवरून काही कळत नाही. सूर बदलला की अक्षर बदलतं, अर्थही.

पेठकर: वेई म्हणजे महान, भव्य. ग्वांगजौच्या व्यापारी जत्रेला अनेकदा गेलोय, तिथे पावलोपावली वेई भेटतात. डोळे मिटून कोरा.

मंजू_ठाणे: त्यांनाच विचारा की!

घाईतला_गणू: सरप्राइज आहे हो. अक्षरं इथे पेस्ट केली की नुसते चौकोन दिसतात, फोटो चढत नाही. पेठकर, धन्यवाद, 'महान' देतो.

जुनी_शाई: थांबा! आकार शब्दांत सांगा.

घाईतला_गणू: बरं. व्हिजिटिंग कार्ड समोर आहे. पहिल्यात वर एक उभी, एक आडवी, दोन तिरक्या रेघा, खाली काहीतरी आकडा. दुसरं भयंकर आहे. वर आडवी रेघ, तिला छेदणाऱ्या दोन बारक्या उभ्या. खाली नुसती गर्दी, मधोमध तीन दात वर केलेली दंताळी.

जुनी_शाई: वरची खूण गवताची. पेठकरांच्या 'महान'मध्ये डावीकडे माणसाची खूण असते, हे ते अक्षर नव्हेच. या बाई आहेत का?

घाईतला_गणू: हो, बाईच. लिहिलं नव्हतं का?

जुनी_शाई: "इंजिनीअर आहेत" यावरून काय कळणार, कपाळ! हे वेई म्हणजे वाटाण्याच्या कुळातली रानभाजी. चौ घराण्याच्या राजांचं धान्य खाणार नाही म्हणून दोन भाऊ शौयांग डोंगरावर जाऊन हीच खुडून जगले आणि शेवटी उपाशी मेले, अशी कथा प्राचीन चिनी इतिहासकार सिमा छ्यानच्या ग्रंथात आहे. रानगुलाबाच्या चिनी नावातही हेच अक्षर येतं, मुलीच्या नावात सहसा तोच अर्थ धरतात.

चित्रवेडी: आणि गवताखालचा भाग म्हणजे 'सूक्ष्म'. सूक्ष्म + रोप = नाजूक, विनम्र मुलगी! प्रत्येक चिनी अक्षर एक चित्रच असतं.

जुनी_शाई: नसतं. खालचा भाग फक्त उच्चारासाठी, तोही 'वेई'च आहे. बहुसंख्य अक्षरं अशीच: एक भाग अर्थाचा, एक आवाजाचा. 'मा' म्हणजे आई, त्यात बाई आणि घोडा. घोडा निव्वळ आवाजापुरता. तुमच्या हिशेबाने आई म्हणजे घोडी झाली.

चित्रवेडी: मग छपराखाली बाई म्हणजे 'शांती', ते? चीनमधल्या आन्यांगला सापडलेल्या प्राचीन हाडांवर कोरलेला घोडा बघा, आयाळीसकट काढलाय. तीन हजार वर्षांपूर्वी!

जुनी_शाई: सुरुवात चित्रांनीच झाली, कोण नाही म्हणतंय. ती हाडं 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधाला विकली जायची, 1899 मध्ये वांग यिरोंगने त्यावरची लिपी ओळखली. पण इ.स. 100 च्या सुमारास श्यू शेनने 9353 अक्षरांचा कोश केला, त्यातही आवाजाची जोड असलेलीच जास्त आहेत.

सोलापूरकर: आमच्या डॉ. कोटणीसांचं चिनी नाव के दीहुआ. 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या नावात 'हुआ', म्हणजे चीन. मुलाचं नाव यिनहुआ, भारत आणि चीन. तुम्हीही बाईंना एखादं मराठी नाव द्या.

घाईतला_गणू: मराठी नाव कुणी मागितलंय? पहिल्या अक्षराचं काय?

जुनी_शाई: वर झाड, खाली मूल. ली, म्हणजे आलुबुखार. ते आडनाव, त्याचा अर्थ पाटीवर नको. चिनीत आडनाव आधी, तुम्ही इंग्रजी क्रमाने लिहिलंत. पाटीवर 'ली वेई', खाली 'रानगुलाब'.

पेठकर: चेंगडू म्हणजे नवी, सोपी केलेली लिपी, तैवानची जुनी. आधी तपासा.

जुनी_शाई: 1956 च्या सुलभीकरणात ही दोन्ही अक्षरं बदललीच नाहीत.

नवी_वास्तू: दारावर ते 'फू' अक्षर उलटं लावतात, ते चालतं का? आमचं ईशान्येला आहे.

पेठकर: बिनधास्त लावा. 'उलटं' आणि 'आलं' यांचा उच्चार तिकडे एकच, म्हणजे सुख घरी आलं.

घाईतला_गणू: वेगळा धागा काढा ना! कोरणाऱ्याने नमुना पाठवलाय, त्यात दंताळीखालची आडवी रेघ नाही. म्हणतो इतकी बारीक बसत नाही. चालेल?

जुनी_शाई: अजिबात नाही. पाटी मोठी घ्या. दुसऱ्या अक्षरात 16 रेघा आहेत, त्याच्यासमोर बसून मोजा.