री-एंट्री परमिट होतं, तरी एक्स्टेन्शन गेलं
२०२०च्या कोविड सवलतीत थायलंडमधल्या सगळ्या परदेशी लोकांचे व्हिसा आपोआप वाढले, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. २६ मार्चनंतर मुदत संपलेल्या आणि थायलंडमध्येच असलेल्या लोकांना मुभा होती. आधी ३० एप्रिल, मग ३१ जुलै, मग २६ सप्टेंबर, शेवटी ३१ ऑक्टोबरपर्यंत. एरवी मुदत संपूनही राहिलं तर दिवसाला ५०० बाट (थायलंडचं चलन) दंड पडतो.

बाहेर अडकलेल्यांना मात्र यातलं काहीच लागू नव्हतं. रिटायरमेंट एक्स्टेन्शनवाला (निवृत्त म्हणून थायलंडमध्ये राहण्याची मुदत वाढवून घेतलेला) देशाबाहेर जाताना १,००० बाट भरून री-एंट्री परमिट (त्याच मुदतीवर परत येण्याची परवानगी) काढतो आणि निश्चिंत होतो, पण ते परमिट एक्स्टेन्शनच्याच तारखेला संपतं, आणि एक्स्टेन्शन देशाबाहेरून वाढवता येत नाही. तेव्हा सीमा बंद असताना तारीख उलटली की वकिलातीतून नवा व्हिसा, सर्टिफिकेट ऑफ एन्ट्री (वकिलातीचं प्रवेशपत्र), १ लाख डॉलरचा कोविड विमा आणि पदरमोड करून १४ दिवस हॉटेलात विलगीकरण, एवढं सगळं करावं लागायचं.

पुढे एक्स्टेन्शनसाठी बँकेतले ८ लाख बाट अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने जसेच्या तसे हवेत. त्यानंतरही शिल्लक ४ लाखांखाली नको. टाळेबंदीत घरखर्चासाठी नेमका याच पैशाला हात लावण्याचा मोह होतो. पुढच्या वर्षी पासबुक बघताना अधिकाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.