आयव्हीएफनंतरची प्रसूती: ३८ आठवडे नक्की कुठून मोजायचे?

ओसरी:
वहिनींसाठी विचारतेय. वय ३७. १० जानेवारी २०२५ ला आयव्हीएफने प्रयोगशाळेत तयार करून गोठवलेला, पाच दिवसांचा एक गर्भ गर्भाशयात सोडला. त्याआधी गर्भाशयाचं अस्तर जाड व्हायला गोळ्या होत्या. त्या वेळच्या पाळीची तारीख १६ डिसेंबर. एकच बाळ, डोकं खाली, वार (प्लासेंटा) वरच्या बाजूला, बीपी १२४/८०. फाइलवर आज ३४ आठवडे ६ दिवस लिहिलंय. ‘प्रेशस बेबी आहे, जोखीम नको’ म्हणून ३८ आठवडे भरताच, ८ सप्टेंबरला सिझर ठरवलंय. सिझर करावंच लागतं का? इकोस्प्रिन १५० (कमी डोसची अ‍ॅस्पिरिन) आणि थायरॉइडसाठी थायरॉक्सिन चालू आहे, ते कधी थांबवायचं?

पंचांग:
आधी तारीख बघा, तिथेच घोळ आहे. आयव्हीएफमध्ये पाळीवरून मोजत नाहीत. पाच दिवसांचा गर्भ असेल तर सोडल्याच्या तारखेत २६१ दिवस मिळवायचे, तीन दिवसांचा असेल तर २६३. १० जानेवारी अधिक २६१ म्हणजे २८ सप्टेंबर. १६ डिसेंबरच्या पाळीवरून २८० दिवस मोजले की येतात २२ सप्टेंबर. सहा दिवसांचा फरक.

हे का होतं? अस्तर मनासारखं जाड होईपर्यंत गोळ्या लांबतात, गर्भ उशिरा सोडला जातो, पण फाइलवर पाळीची तारीख तीच राहते. सोनोग्राफीच्या मशीनमध्येही तीच भरतात आणि पुढचा प्रत्येक रिपोर्ट तीच ओढत नेतो. मग सहा दिवस लहान असलेल्या बाळाला ‘वाढ कमी’ असा शेराही मिळू शकतो. मशीनला पाळीचीच तारीख हवी असेल तर गर्भ सोडल्याच्या १९ दिवस आधीची द्यायची. इथे २२ डिसेंबर.

म्हणजे आज खरे ३४ आठवडे पूर्ण झालेत, आणि ८ सप्टेंबरला ३८ नव्हे, ३७ आठवडे १ दिवस होतील.

लेबर_रूम:
त्या सहा दिवसांनी बराच फरक पडतो. कळा सुरू झाल्या की बाळाच्या फुप्फुसातलं पाणी शोषलं जायला लागतं. कळांआधीच ठरवून सिझर केलं, तेही ३७व्या आठवड्यात, तर बाळाला धाप लागून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागण्याची शक्यता वाढते. दुसरं कारण नसेल तर ठरवलेलं सिझर ३९ आठवडे भरल्यावर. वहिनींच्या हिशेबात २१ सप्टेंबर.

नुसतं आयव्हीएफ हे सिझरचं कारण नाही. ‘प्रेशस’ हा शब्द फाइलवर सर्रास दिसतो, पण ते निदान नव्हे. खरी कारणं वेगळी: वार गर्भाशयाच्या तोंडावर असणं, बाळ आडवं किंवा पायाळू असणं, बीपी चढणं, वाढ खुंटणं. वय ३७ आणि आयव्हीएफ म्हणून ३९-४० आठवड्यांत कळा आणायचा सल्ला मिळू शकतो, तो रास्त आहे.

एक गोष्ट मात्र रिपोर्टमध्ये शोधाच: नाळ वारेला कुठे जोडली आहे? आयव्हीएफमध्ये ती वारेच्या कडेला किंवा पाणमोटेच्या पडद्यात जोडलेली असण्याचं प्रमाण जास्त असतं. पडद्यातल्या उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या तोंडावरून जात असतील तर पाणमोट फुटताना त्या फाटतात आणि रक्त जातं ते बाळाचं. तसं आढळलं तर कळांआधीच, साधारण ३४ ते ३७ आठवड्यांत सिझर करतात. शंका असली तर योनिमार्गातून कलर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून बघतात.

दुसरं बीपी. गोळ्यांवर अस्तर तयार करतात तेव्हा त्या महिन्यात सहसा बीज फुटत नाही, त्यामुळे बीज फुटल्यावर उरणारी आणि संप्रेरकं देणारी पीतपिंडाची गाठही नसते. अशा गरोदरपणात बीपी चढण्याचं प्रमाण जास्त दिसतं. घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजा. १४०/९० आलं तर त्याच दिवशी फोन. १६०/११०, किंवा डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं यातलं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल.

गोठवलेल्या गर्भात वार गर्भाशयाला घट्ट चिकटून बसण्याचा धोकाही थोडा जास्त असतो. म्हणून रक्तपेढी हाताशी असलेली जागा बरी.

गोळीडबा:
इकोस्प्रिन बहुतेक ठिकाणी ३६ आठवड्यांना थांबवतात, खऱ्या तारखेच्या ३६ ला! वहिनींचे ते ३१ ऑगस्टला भरतील. डॉक्टरांना विचारूनच थांबवा. एनॉक्सापॅरिनची (रक्त पातळ ठेवणारी) ४० मिग्रॅची इंजेक्शनं चालू असतील तर शेवटचं इंजेक्शन आणि पाठीतली भूल यात निदान १२ तास लागतात, मोठा डोस असेल तर २४. त्यामुळे कळा सुरू झाल्यासारखं वाटलं की पुढचं इंजेक्शन घेण्याआधी फोन करायचा.

थायरॉक्सिन थांबवायचं नाही. प्रसूतीनंतर गरोदरपणाआधीच्या डोसवर आणतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघतात.

वाटी_चमचा:
दुधाचंही आत्ताच ठरवून ठेवा. सिझर झालं तरी पहिल्या तासात बाळ छातीशी लावता येतं, तसं आधीच सांगून ठेवायचं. पहिल्या दिवशी चीक चमचा-चमचाच येतो, बाळाला तेवढा पुरतो. पीसीओएस (अंडाशयाचा संप्रेरक-विकार) किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर दूध उतरायला उशीर होऊ शकतो. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजा, आणि वजन जन्माच्या १० टक्क्यांहून जास्त उतरलं तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. ‘दूधच नाही’ म्हणत पावडरचा डबा उघडायची घाई घरची मंडळीच करतात.

ओसरी:
रिपोर्टमध्ये नाळेबद्दल ओळच नाही. उद्या ट्रान्सफरचा, म्हणजे गर्भ सोडल्याचा, कागद घेऊन जातो. वहिनी आणि दादा दोघंही बी निगेटिव्ह आहेत, म्हणून अँटी-डी (निगेटिव्ह आईच्या पोटात पॉझिटिव्ह बाळ असेल तर देतात ते इंजेक्शन) लागणार नाही असं डॉक्टर म्हणालेत.

लेबर_रूम:
बीज आणि शुक्राणू दोन्ही त्यांचेच असतील तरच ते बरोबर. दात्याचं काहीही वापरलं असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. मग आईला २८ आठवड्यांचं अँटी-डी लागतं. ते राहून गेलं असेल तर आत्ता डॉक्टरांना विचारा. जन्मानंतर बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांत ३०० मायक्रोग्रॅम द्यावं लागतं. दात्याचं काही वापरलं असेल तर ते घरच्यांना माहीत नसू शकतं, म्हणून हे वहिनींनी डॉक्टरांना एकटीने सांगावं, खोलीत इतर नातेवाईक नसताना.