ओवीच्या दाढा आणि पूर्ण भूल: कोणी सांगेल का?

ए-१०२, ओवीची आई: नमस्कार. ओवीच्या बऱ्याच दाढा किडल्यात. ४ वर्षांची पोर, खुर्चीवर इतका वेळ बसणार नाही. म्हणून मंगळवारी सकाळी ८ला हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन सगळं एकदम करणार आहेत. पोटात गोळा आलाय.

सी-४०१, भाऊ: दुधाचेच दात ना वहिनी? पडतीलच की.

बी-३०४, सिस्टरताई: भाऊ, मागच्या दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत टिकतात. तोवर पोरीने ठणका सोसायचा का? आत पू झाला तर खालच्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते.

ओवीची आई, मी ऑपरेशन थिएटरमध्ये असते म्हणून सांगते. सगळ्यात जपायचं ते उपाशीपण. भुलेत घशाची राखण थांबते, पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं. साधारण नियम असा, की जेवण आणि दूध ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. म्हणजे ८च्या केसला रात्री २ नंतर दूधही नाही, पाणी ६पर्यंत. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली तर तीच पाळायची. आपल्याकडच्या या उन्हात पोर कोरडी पडते, तेव्हा ६च्या आधी उठवून पाणी नक्की पाजा.

ए-१०२, ओवीची आजी: इतला येळ पोरले उपाशी कशी ठेवशी माय? एखादं बिस्कीट?

सिस्टरताई: नाही आजी, अर्धंसुद्धा नाही. चुकून खाल्लंच तर लपवू नका, लगेच सांगा. ताक आणि आमरसही पाण्यात मोजायचे नाहीत.

ए-१०२, ओवीचे बाबा: तिला काय सांगायचं? फिरायला जातोय म्हणू?

सिस्टरताई: खोटं नको. टेबलावर कळलं की पोर घाबरते, पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. सांगा, "डॉक्टर नाकावर मास्क ठेवतील, झोप येईल, झोपेत दाढा नीट करतील, उठल्यावर आम्ही जवळ असू." बाहुलीला मास्क लावून खेळवा. नेलपॉलिश काढा, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप लागतो. हलणारा दात, दमा, ॲलर्जी, घरात कुणाला भुलेचा त्रास झालेला असेल तर आधीच सांगा.

शुद्धीवर येताना काही मुलं खूप रडतात, आईलाही ओळखत नाहीत. थोड्या वेळात निवळतं, घाबरू नका. ओठ बधिर असेल तर चावू देऊ नका.

ओवीची आई: ताई, सकाळपासून नाक वाहतंय. थोडा खोकलाही आहे.

सिस्टरताई: मग आजच फोन करा, मंगळवारची वाट बघू नका. सर्दी-खोकल्यात श्वासनळी चिडलेली असते, भुलेत आवळू शकते. डॉक्टर बघतील, कदाचित तारीख पुढे ढकलतील.

सी-४०१, भाऊ: हॉस्पिटलला जायला गाडी हवी असली तर सांगा वहिनी, कधीही.

ओवीची आई: बोलले. उद्या तपासायला बोलावलंय. पुढे गेली तर आखाजीनंतरची (अक्षय्य तृतीयेनंतरची) तारीख घेते, नाहीतर घरात सांजोऱ्या आणि ही उपाशी.

सिस्टरताई: बरोबर. दुखणं वाढलं, ताप आला किंवा गाल सुजला तर मात्र आखाजीची वाट बघायची नाही. आणि नवी वेळ मिळाली की पाण्याची वेळ परत विचारून घ्या.