सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं मुख्य कार्यालय नव्यानं मांडायचंय, सगळ्यांना वापरता येईल असं कसं करावं?

प्रशासन_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. टेरी टॉवेल बनवणाऱ्या कंपनीचं मुख्य कार्यालय आहे. तळमजला अधिक दोन, जोतं अडीच फूट, लिफ्ट नाही. माणसं ११०, त्यात ३८ महिला. एक सहकारी व्हीलचेअर वापरतात, एकांची दृष्टी अधू आहे. खिडक्यांकडेला सगळ्या केबिन आणि मधे बाकीचे लोक ट्यूबलाइटखाली, अशी आजची मांडणी. अकाउंट्स सगळ्यात वर, तिथं उन्हाळ्यात दुपारी बसवत नाही. मालकांची इच्छा मनापासून आहे, पण आलेल्या दोन्ही आराखड्यांत दर्शनी काच आणि मोठं रिसेप्शन यापलीकडे फार काही नाही. कामकाज चालू ठेवूनच बदल करायचेत. सुरुवात कुठून करावी? आणि अशा कामात नेमकं काय चुकतं?

आर्किटेक्ट_सातरस्ता

दर्शनी काच राहू द्या. आधी कागदावर एक वाट आखा: फाटक, रॅम्प, दार, टेबल, स्वच्छतागृह, जेवणाची जागा. तुमच्या व्हीलचेअरवरच्या सहकाऱ्यांना ती कोणाच्या मदतीशिवाय पार करता आली पाहिजे. बजेट आधी तिथं जाऊ द्या.

रॅम्पचा उतार १:१२. म्हणजे अडीच फुटांना ३० फूट लांबी, शिवाय वर-खाली पाच-पाच फुटांची सपाट जागा. पुढच्या अंगणात तेवढं बसत नसेल तर मधे सपाट टप्पा घेऊन १५ फुटांचे दोन भाग करा आणि वळवा. जागा वाचवायला कंत्राटदार १:८ सुचवतील, ऐकू नका. चढताना एकट्यानं जमत नाही आणि उतरताना खुर्ची हाताबाहेर जाते. रुंदी किमान ४ फूट, चाक घसरू नये म्हणून कडेला ४ इंचांचा काठ, आणि दोन्ही बाजूंना साधारण ७०० व ९०० मिमी उंचीवर दोन रेलिंग. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्टीलचं रेलिंग हात भाजवतं, म्हणून वर शेड तरी घाला किंवा रेलिंगला आवरण तरी. शहाबादी फरशी चालेल, पण बिनपॉलिशची. रॅम्पच्या तोंडाशी दुचाक्या लागणारच, तिथं खांब रोवा आणि दोन खांबांत ९०० मिमी मोकळे ठेवा.

दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी हवी. सुताराला नुसतं ‘तीन फुटी दार’ सांगितलं की तो चौकट तीन फुटांची करतो आणि पल्ला, बिजागरी धरून हातात ८०० च्या आसपास उरतात. चौकट साडेतीन फुटांची सांगा. उंबरा नको. गोल मुठीऐवजी दांडीची मूठ, म्हणजे हातात फायली असल्या तरी कोपरानं उघडते.

स्वच्छतागृहात मधे १५०० मिमी व्यासाची जागा मोकळी हवी, बैठक ४५० ते ४८० मिमी उंचीवर. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं. पकडायच्या दांड्यांकडे विशेष लक्ष द्या. सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकच्या भिंतीत साध्या प्लगवर त्या टिकत नाहीत. आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी, नाहीतर आधाराच्या वेळीच दांडी हातात येते. झाडू-बादल्यांचं कपाट नकाशातच वेगळं दाखवा. ते नसेल तर हेच स्वच्छतागृह कोठी होतं आणि त्याला कुलूप लागतं.

लिफ्ट जिन्याला लागून बाहेरच्या बाजूला स्टीलच्या चौकटीत बसवता येते. दार ९०० मिमी, बटणं ९०० ते १२०० मिमी उंचीवर, ब्रेल आणि मजल्याची घोषणा. वीज गेली की जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं एआरडी घ्याच. लिफ्ट निरीक्षकांची परवानगी काम सुरू करण्याआधी. तोवर बैठकीची खोलीही तळमजल्यावर आणा. सहकाऱ्यांचं नुसतं टेबल खाली आणलं तर निर्णय वरच होत राहतात.

अधू दृष्टीसाठी खर्च फार थोडा आहे: प्रत्येक पायरीच्या कडेला ५० मिमीची ठळक पट्टी, जिन्याआधी ठिपक्यांची फरशी, काचेच्या दारांवर दोन उंचींवर पट्टे. पांढरी भिंत, पांढरं दार, पांढरी फरशी फोटोत छान दिसते, पण त्यांना दार कुठं आहे तेच कळत नाही.

वातानुकूलन_होटगीरोड

वरच्या मजल्याचं दुखणं स्लॅबचं आहे, एसी वाढवून ते जाणार नाही. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तरेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. तापलेली स्लॅब संध्याकाळपर्यंत आत उष्णता सोडत राहते.

गच्चीवर आधी वॉटरप्रूफिंग, मग पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग. जुन्या कोब्यावर आणखी कोबा चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वजन तपासून घ्या. एमआयडीसीची धूळ बसली की पांढऱ्या रंगाचा उपयोग घटतो, त्यामुळे दर फेब्रुवारीअखेर गच्ची धुवायची, हे देखभालीच्या यादीत लिहूनच ठेवा.

पश्चिमेच्या खिडक्यांना आडवा छज्जा पुरत नाही, तिरपं ऊन त्याच्या खालून आत येतं. तिथं उभ्या पट्ट्या किंवा जाळी. दक्षिणेला दीड-दोन फुटांचा छज्जा बराच उपयोगी पडतो. आणि पश्चिमेला नवी दर्शनी काच अजिबात नको.

आतमध्ये कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे (सुमारे ३० वॅट, जुन्याला ७५ च्या आसपास) आणि एसी २६ वर. पंखा चालू असेल तर २६ पुरतो. डेझर्ट कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उत्तम, पण नळाला रोज पाणी नसलेल्या गावात रोजचं पाणी कुठून आणणार, ते आधी ठरवा. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचा उपयोगही संपतो.

एसीचा झोत टेबलावर थेट नको. गारठ्यानं खांदा धरलेला माणूस आणि घामाघूम झालेला माणूस एकाच हॉलमध्ये, ही तक्रार बहुतेक वेळा झोताच्या दिशेची असते.

एचआर_जुळेसोलापूर

वरचं सगळं पटलं. पण नकाशा पक्का करण्याआधी दोन आठवडे विचारपूस करा. ‘काय हवं?’ असं विचारलं तर उत्तर ‘सगळं ठीक आहे’ येतं. ‘किती वाजता, कोणत्या जागी, कशाचा त्रास होतो?’ असं विचारा. महिलांशी महिलेनंच बोलावं. सफाई करणाऱ्या ताई, वॉचमन, ड्रायव्हर, हमाल यांनाही बसवा. तेलुगू किंवा कन्नड सफाईनं बोलणारं कोणीतरी सोबत हवं, कागदी फॉर्म पुरत नाही. आगीच्या व सुरक्षेच्या सूचनाही मराठीसोबत तेलुगू-कन्नडमध्ये, चित्रांसह. फायर अलार्मला चमकणारा दिवा जोडा, म्हणजे ऐकू न येणाऱ्यालाही कळेल.

तुमची संख्या ५० च्या वर आहे, म्हणून मातृत्व लाभाच्या नियमांप्रमाणे पाळणाघर लागतं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यावं लागतं. ते तळमजल्यावर, मागच्या सावलीच्या बाजूला. स्तनपानाच्या खोलीला आतून कडी, खुर्ची, प्लग, लहान फ्रिज आणि बेसिन. स्टोअरमध्ये पडदा लावून ती होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे समान संधी धोरणही प्रसिद्ध करावं लागतं, ते याच वेळी तयार करा.

केबिन आतल्या बाजूला घ्या, खिडक्या सगळ्यांना द्या. पण सगळं उघडं करून टाकू नका. विक्रीवाले दिवसभर फोनवर असतात आणि त्यांच्याशेजारी अकाउंट्स बसवलं की ताळेबंद जुळत नाही. दर १५-२० माणसांमागे फोनसाठी एक बंद खोली ठेवा, आणि तिला एक्झॉस्ट द्या, नाहीतर आत कोणी पाच मिनिटंही थांबत नाही.

जेवायची जागा एकच, साहेबांपासून हमालांपर्यंत. भाकरी-चटणीचे डबे असतात, म्हणून मायक्रोवेव्हपेक्षा हात धुवायचे नळ जास्त ठेवा.

कामाचा क्रम: दिवाळीनंतर रॅम्प आणि स्वच्छतागृहं, फेब्रुवारीत गच्ची. मार्चमध्ये अकाउंट्सला हात लावायचा नाही. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत मजूर मिळणार नाहीत, तेवढे दिवस मोकळे धरा. आधी आठ टेबलांचा एक भाग पूर्ण करून तीन आठवडे वापरायला द्या, त्यात निघालेल्या चुका दुरुस्त करूनच बाकीची ऑर्डर.

प्रशासन_अक्कलकोटरोड

खूप आभार. एक अडचण: दुसऱ्या मजल्यावर महिलांचं स्वच्छतागृह नाही आणि तिथं पाइपांसाठी स्लॅब खाली घेतलेली नाही. प्लंबर फरशी सहा इंच उचलू म्हणतोय.

आर्किटेक्ट_सातरस्ता

उचलू देऊ नका, सहा इंचांची पायरी झाली की व्हीलचेअर बाहेरच राहते. खालच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाच्या बरोबर वर जागा घ्या. भिंतीवर लटकणारा कमोड बसवा, त्याचा पाइप मागच्या अर्ध्या उंचीच्या भिंतीतून आडवा नेऊन जुन्या डक्टमध्ये सोडा. डक्टपासून जितकं जवळ तितकं चांगलं, लांब आडवा पाइप तुंबतो. फरशीच्या ट्रॅपसाठी स्लॅबला भोक पाडून खालच्या छताखालून पाइप घ्या, पण कोअर कटिंगनं (यंत्रानं गोल भोक कापून) आणि बीम टाळून. हातोड्यानं फोडलं तर भोकाच्या कडेनं गळती सुरू होते.