एका रविवारात शेतीचं पदक?

मुळशीची_लेक:
परवा इथे एका पालकांनी लिहिलं होतं: "रविवारी आमच्या कब पथकाची (स्काउटमधल्या लहान मुलांच्या गटाची) शेतसहल झाली. भातलावणी, बैलगाडी, गाईची धार, पिठलं-भाकरी. दुपारी 4 वाजता सगळ्या 24 मुलांना शेतीचं पदक मिळालं!" खाली अभिनंदनाचा पाऊस. मला दोन दिवस राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

माझं बालपण मुळशीत गेलं. मे महिन्यात राब, म्हणजे रोपांची जागा, पालापाचोळा घालून भाजायचा, पाऊस पडला की रोपं टाकायची, मग एकवीस-पंचवीस दिवसांनी चिखलणी आणि लावणी. इंद्रायणी भात असेल तर कापणीपर्यंत साडेचार महिने जातात. त्यातला अर्धा तास पोरांनी पाहिला आणि आपण त्याला शेती म्हटलं. सहल म्हणा, मजा म्हणा, माझी काहीच हरकत नाही. पण पदक म्हणजे "हे मला येतं" असं छातीवर लावून फिरणं. पोहण्याचं पदक कुणी पायऱ्यांवर पाय भिजवून देतं का? 1907 साली ब्राउनसी बेटावर स्काउटचे संस्थापक बेडन पॉवेलनी विसेक मुलं आठवडाभर तंबूत ठेवली होती, स्वतःच्या हातांनी करून शिकायला. तिथून आपण इथे आलो.

माझं म्हणणं एवढंच आहे: पीक कुठलंही घ्या, मेथी घ्या, पण बी टाकल्यापासून ताटात येईपर्यंत पोरगं त्याच्याजवळ राहिलं पाहिजे. गेलं तर का गेलं हे त्याला सांगता आलं पाहिजे.

कबमास्टर_कोथरूड:
ताई, ते पथक माझं नाही, पण असंच माझंही आहे. अकरा वर्षं चालवतोय. शाळेत गणित शिकवतो, कबचं मानधन शून्य. एका सहलीसाठी बस, 24 संमतिपत्रं, औषधांची पेटी आणि प्रत्येक आईचे तीन फोन. माझ्या चौथीतल्या एका मुलाला भात पाण्यात उभा असतो हेच माहीत नव्हतं. आमच्या सहलीत त्याने चिखलात पाय घातला, आधी रडला, मग बाहेर यायला तयार नव्हता. ही काहीच किंमत नाही? साडेचार महिने कोण नेणार त्यांना मुळशीला? तुम्ही येता?

मावळचा_भात:
सर, चिखलात पाय घातला ते खाचर कुणाचं होतं, हे पण सांगा.
दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे असंच एक पथक आलं होतं. चारसूत्री पद्धतीची, म्हणजे मोजून अंतर ठेवून करायची लावणी होती. दोरीवर 15 आणि 25 सेंटीमीटरच्या खुणा, एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीन रोपं, म्हणजे चार चुडांच्या मधे खताची गोळी खोचता येते. पोरांनी मूठमूठ रोपं कोंबली. कुठे मूळ वर वळलेलं, कुठे नुसतं चिखलावर टेकवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर गेलो तर निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. चार बाया परत लावून घ्याव्या लागल्या, दिवसभराची मजुरी माझ्या खिशातून. मला मिळालं काय? प्रमाणपत्र आणि चहा.

कबमास्टर_कोथरूड:
मग हो का म्हणालात? नाही म्हणायचं होतं.

मावळचा_भात:
पोरांना नाही म्हणवत नाही म्हणून! आणि त्याचाच फायदा घेतात सगळे. शेजारच्या पर्यटन केंद्रात माणशी पैसे मोजता, तिथे बिनतक्रार. शेतकरी दिसला की सगळं फुकट, वर "मुलांना संस्कार मिळतील".

मुळशीची_लेक:
दादांचं शंभर टक्के खरं आहे. स्काउटच्या "खरी कमाई" उपक्रमात पोरं काम करून पैसे मिळवतात, भेळ विकतात, बूट पुसतात, रुपया-रुपयाचा हिशेब वहीत लिहितात. कष्टाला मोल असतं हेच ना त्यातून शिकवायचं? मग त्याच पोरांनी बिघडवलेल्या खाचराचा हिशेब कुठल्या वहीत आहे?

कबमास्टर_कोथरूड:
आता मास्तरांना चोर ठरवा. मी स्वतःच्या पैशाने औषधाची पेटी भरतो, आणि इथे घरात बसून मला खरी कमाई शिकवताय.

बुलबुलची_आई:
भांडू नका, माझं ऐका. वह्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते, पदकासाठीच्या निम्म्या नोंदवह्या आयाच लिहितात. मी स्वतः रात्री साडेअकराला गाय रंगवली आहे.
माझी मुलगी बुलबुलमध्ये आहे, म्हणजे कबसारख्याच मुलींच्या गटात. तिने गेल्या वर्षी गॅलरीत मेथी लावली. सात दिवसांत छान दोन-दोन पानं आली. तिला वाटलं तहान लागली असेल, म्हणून शाळेतून आली की पाणी, झोपायच्या आधी पाणी. नवव्या दिवशी रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. कुंडीचं भोक मातीने बुजलेलं होतं, ते तिनेच काडीने उकरून शोधलं. वहीत तिने लिहिलं: "मेथी मेली. मी जास्त पाणी घातलं. भोक बंद होतं." तपासणाऱ्यांनी ते पान फाडून नवीन लिहायला लावलं. पीक आलं असं लिहा म्हणाले. ती आठ वर्षांची आहे. घरी येऊन मला म्हणाली, "मग मी खोटं लिहू?"

मुळशीची_लेक:
ताई, वाचून हात थरथरले. पूर्ण पथकात पदकाला लायक ती एकटी होती.

कबमास्टर_कोथरूड:
पान फाडायला लावणं चूकच. तिथे मी कुणाचीही बाजू घेणार नाही. माझ्या पथकात असं पान आलं तर मी सगळ्यांना वाचून दाखवीन.
एका दिवसात पदक, यावर पण... ठीक आहे. घाई होते. पालकांना फोटो हवा असतो आणि आम्ही देऊन टाकतो. पण 24 मुलांना चार महिने शेतावर नेणं मला जमणार नाही, हेही खरंच आहे. कुंडी चालेल म्हणता ना?

मुळशीची_लेक:
कुंडी चालेल. मेथी महिन्याभरात येते, मुळा दीड महिन्यात. पण पान फाडायचं नाही, आणि आईने गाय रंगवायची नाही.

मावळचा_भात:
कुंडीत भात कळायचा नाही, सर. इंद्रायणी 1987 साली आमच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आला आणि पुण्यातलं पोरगं तो पिशवीवरच्या चित्रावरून ओळखतं, याचं मलाही वाईट वाटतं. रस्त्याकडचं एक गुंठ्याचं खाचर देतो. लावणीला या, मग बेणणीला (तण काढायला), मग कापणीला. तीन खेपा. अंगठा आणि दोन बोटांत रोप कसं धरायचं ते माझी आई दाखवील. मजुरी आधी ठरवायची, आईची पण.

कबमास्टर_कोथरूड:
ठरवू. पण मी 24 च्या 24 आणणार. एकालाही घरी ठेवणार नाही.

मावळचा_भात:
एका वेळी एकच षटक, म्हणजे सहा पोरांचा गट, खाचरात उतरेल. बाकीची अठरा बांधावर बसतील आणि बघतील. तेही कामच आहे.

कबमास्टर_कोथरूड:
अठरा पोरं बांधावर बसवायची म्हणजे काय, ते तुम्हाला शनिवारी कळेल. किती वाजता येऊ?