'सेन्सॉर' म्हणायचं का 'उलटवलं'? (आणि तटस्थ, संपादन वगैरे)

गंगावेस
मंडळी, एक शब्द अडलाय. भाच्यानं एका ऑनलाइन ज्ञानकोशावर आमच्या तालमीबद्दल लिहिलं, त्यात 'कोल्हापुरातली सगळ्यात नाद खुळा तालीम' असं पण ठोकून दिलं, आणि अर्ध्या तासात कुणीतरी ते वाक्य उडवलं आणि उरलेल्या दोन वाक्यांना 'संदर्भ हवा'ची शेपटी लावली. तेव्हापासनं पोरगं घरभर 'मला सेन्सॉर केलं, सगळे एका पार्टीचे हायत' म्हणत नाचायलंय. ह्याला सेन्सॉर म्हणायचं का? मराठीत नेमका शब्द काय?

राजारामपुरी
सरकारी मराठीत दोन आहेत, अभ्यवेक्षण आणि परिनिरीक्षण. नाटकवाल्यांना दुसरा पाठ असतो, कारण संहिता पाठवायची ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं. गंमत म्हणजे परिनिरीक्षण म्हणजे नुसतं चारी बाजूंनी नीट बघणं, कात्रीचा त्यात पत्ताच नाही. बोलताना आपण सगळे 'सेन्सॉरनं कापलं' असंच म्हणतो.

शिवाजी पेठ
मुस्कटदाबी म्हणा की सरळ. एवढा झणझणीत शब्द असताना परिनिरीक्षण कशाला पाहिजे.

राजारामपुरी
भावा, मुस्कट दाबायला हात मोठा लागतो. तुर्कस्ताननं २९ एप्रिल २०१७ ला विकिपीडिया सगळ्या भाषांतला बंद केला तो तिथल्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर १५ जानेवारी २०२० ला उघडला. चीनमध्ये एप्रिल २०१९ पासून सगळ्या भाषांना कुलूप. ही मुस्कटदाबी. आपल्याकडं एएनआय वृत्तसंस्थेनं दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला, तर त्या दाव्याची माहिती देणारं पानच ऑक्टोबर २०२४ मध्ये कोर्टाच्या आदेशानं उतरवावं लागलं, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. आता भाच्याचं बघा. पानाच्या 'इतिहास'वर टिचकी मारा, त्याचं नाद खुळा वाक्य तारीख-वेळेसकट तिथं बसलेलं दिसंल. मुस्कट दाबलेल्याचं बोलणं असं कुणी जपून ठेवत नाही. ह्याला 'उलटवलं' म्हणतात, म्हणजे पान आधी होतं तसं परत केलं, बास.

रंकाळा
मग फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या इंग्रजी पानावरल्या मजकुरावरनं महाराष्ट्र सायबरनं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस धाडली, ते कशात धरायचं?

राजारामपुरी
नोटीशीतच धरायचं. आक्षेप, नोटीस, बंदी, पायऱ्या वेगळ्या हायत. कुठल्या पायरीवर मुस्कटदाबी सुरू होते ह्यावर भांडायला अख्खा रविवार पुरणार नाही आणि आज सोमवार हाय.

गंगावेस
बरं, आणि 'एका पार्टीचे'? पक्षपात ना?

मंगळवार पेठ
मी ३० वर्षं मराठी शिकवलं म्हणून मध्ये तोंड घालते. पक्ष म्हणजे पंख, बाजू, पंधरवडा, आणि सगळ्यात शेवटी पार्टी. पक्षपात म्हणजे एका बाजूला पडणं, पडणारा कुठल्या पार्टीचा असलाच पाहिजे असं नाही. पण हल्ली 'निष्पक्ष' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं झेंडेच येतात, म्हणून मराठी विकिपीडियावर 'तटस्थ' घेतलाय ते मला बरं वाटतं. तट म्हणजे काठ, काठावर उभा राहून बघतो तो तटस्थ. फक्त २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचा काठ कुठं होता ते मला दाखवा! पाणी गल्लीत आल्यावर तटस्थ कोण राहिलं?

क्रोएशियन विकिपीडियाचं तसंच झालं बघा. मूठभर प्रचालकांनी, म्हणजे लोकांना अडवायचे जादा अधिकार असलेल्या सदस्यांनी, जवळजवळ दशकभर ती ताब्यात ठेवली, दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या नाझीधार्जिण्या उस्ताशा राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले, विरोध करणाऱ्यांना हाकललं, आणि २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनच्याच अहवालात हे सगळं मांडलं गेलं. तिथं सरकारनं कुलूप घातलं नव्हतं, चावडीवरलेच चावडी बळकावून बसले. ह्याला मी 'झुकतं माप' म्हणीन. वाण्यानं झुकतं माप आपल्या पिशवीत ओतलं की आपण कधी तक्रार करतो का? शेजारणीला दिलं की मग मात्र पक्षपात.

शिवाजी पेठ
काकी, चावडी म्हणजे?

मंगळवार पेठ
अरे बाळा, मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाला चावडीच म्हणतात. आणि सरावासाठी धूळपाटी. तुझ्या भाच्याला आधी धूळपाटीवर बसव हो गंगावेस, नाद खुळा तिथं दहा वेळा लिहू दे.

शिवाजी पेठ
सगळ्यात वांड शब्द 'संपादन' हाय. शक्तिपीठ महामार्ग निघाल्यापासनं आमच्या गावाकडं हा शब्द नुसता काढला तरी लोक काठ्या घेऊन उठत्यात. चुलत्याला सांगितलं, पोरानं लिहिलेलं दुसऱ्यानं संपादन केलं. चुलता म्हणतोय, मोबदला किती देणार?

मंगळवार पेठ
चुलत्याचं मराठी शुद्ध आहे. संपादन म्हणजे मिळवणं, हातात घेणं. विश्वास संपादन करतो तो हाच. वर्तमानपत्राचा संपादक नंतरचा.

गंगावेस
भाच्याला 'उलटवलं' सांगितलं. म्हणतोय कुस्तीत उलटा करत्यात तसं? म्हटलं व्हय, फक्त इथं पंच पण तूच आणि समोरचा पण. तसा गप्प झाला आणि वस्तादांकडं संदर्भ मागायला गेला. तालमीच्या भिंतीवर काचेत एक पेपरचं कात्रण हाय, मैदान मारल्याची बातमी, फोटोत पैलवानाचे कान तेवढे नीट दिसत्यात, पण तारखेचा कोपराच वाळवीनं खाल्लाय. असलं कात्रण संदर्भ म्हणून धरत्यात काय?