'अपाची' : जगलं काय, चाल की ठेका?

तबकडीवेडा
काल रात्री इनक्रेडिबल बोंगो बँडचं १९७३ सालचं 'अपाची' लागोपाठ चार वेळा ऐकलं, राहवेना म्हणून लिहितोय. हिपहॉपवाले या वाद्यसंगीताला आपलं राष्ट्रगीत म्हणतात. आणि मूळ संगीतकार जेरी लॉर्डनची चाल सॅम्पलमधून, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरतात त्यातून, अजून जिवंत आहे, असं सर्रास बोललं जातं. मला हे साफ चुकीचं वाटतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधले डीजे ज्या तुकड्यावर पोरं नाचवायचे, त्यात चाल नाहीच. बाकी सगळे थांबतात आणि उरतात जिम गॉर्डनचे ड्रम्स आणि किंग एरिसनचे बोंगो. त्यांतला कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावायचा. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली हातानं मागे फिरवायची. जगला तो ठेका.

गिटारमास्तर
अहो, पण ठेक्याला बोंगो बँडपर्यंत आणलं कुणी? चालीनंच ना? शॅडोज या इंग्लिश गिटार बँडनं ती १९६० मध्ये वाजवली, इंग्लंडात पाच आठवडे पहिल्या नंबरावर होती. पुढच्या वर्षी डेन्मार्कच्या यॉर्गेन इंगमननं ती अमेरिकेत दुसऱ्या नंबरावर नेली. शॅडोजच्या हँक मार्विनची ती गिटार ऐका. सूर सोडला की मागून त्याचीच सावली येते. माझ्या वडिलांनी हे हवाईयन गिटारवर बसवलं होतं, मी ते क्लासमध्ये शिकवतो. शुगरहिल गँग या रॅप गटानं १९८१ मध्ये त्यावर रॅप केलं तेव्हाही सुरावट वाजवून घेतलीच. कव्हर करणारा, म्हणजे जुनं गाणं स्वतः नव्यानं वाजवणारा, मूळ चालीचा मान ठेवतो. सॅम्पलवाला लचका तोडतो.

ढोलकीताई
मास्तर, 'लचका' शब्द मला लागला. मी २० वर्षं ऑर्केस्ट्रात ढोलकी-बोंगो वाजवतेय. निवेदक गायकाचं नाव घेतो, संगीतकाराचं घेतो, आमच्यावर आला की 'आणि साथीदार'. कायद्यातही तेच. कुणी सॅम्पल घेतलं तर परवानगी लागते दोघांची, चाल ज्याच्या मालकीची त्याची आणि रेकॉर्डिंग ज्याच्या मालकीचं त्याची. स्टुडिओत बोलावलेला वादक सहसा त्या दिवसाचं मानधन घेऊन घरी गेलेला असतो. म्हणजे ज्या तुकड्यात फक्त हात वाजतायत, त्यात त्या हातांनाच हक्क नाही. तरी डीजेंनी निदान तो तुकडा *ऐकला*. रेकॉर्ड काढणाऱ्यांना तो मधला भराव वाटला असेल.

नवाश्रोता
ताईंचं पटतं, पण डीजेंना एवढं थोर करू नका. हर्क रेकॉर्डवरची लेबलं पाण्यात भिजवून काढायचा, बाकीच्यांना गाण्याचं नाव कळू नये म्हणून. यात एरिसनचं नाव कुठून पोचणार? मी स्वतः २००२ चं नॅस या रॅपरचं गाणं कित्येक वर्षं ऐकलं, त्यातले ड्रम्स 'अपाची'चे आहेत हे फार उशिरा कळलं. कव्हर केलेल्या गाण्यावर निदान चाल कुणाची ते छापलेलं असतं.

तबकडीवेडा
लेबलांचा मुद्दा मान्य, तो खुपतो. पण ती रेकॉर्ड तेव्हा फारशी खपलीच नव्हती. दुकानात धूळ खात पडली असती, तर नाव छापलेलं असून कुणी वाचलं असतं? निर्माता मायकल व्हायनरनं स्टुडिओतले वादक जमवून केलेला हा बँड. ब्राँक्समधल्या पोरांनी तो उचलला नसता तर आज आपण मराठीत त्यावर भांडत नसतो.

गिटारमास्तर
'लचका' मागे घेतो, ताई. पण माझं मत तेच आहे. तेरा वर्षांत देश बदलले, वाद्यं बदलली, तरी ओळखू आली ती चाल. रिक्षात बसून माणूस गुणगुणतो ती चाल. ठेका कसा गुणगुणणार?

ढोलकीताई
गुणगुणतात, मास्तर. आमच्या गावच्या जत्रेत ढोलकी थांबली तरी पोरं घरी जाताना तोंडानं वाजवत जातात. गाणं कुठलं होतं ते विचारा, निम्म्यांना आठवत नाही.